एकाच घरात ल्युपस एकीलाच का?

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) असून तिच्या मूत्रपिंडांनाही सूज आहे. आम्ही दोघी सख्ख्या बहिणी. मग मी निरोगी कशी? प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडी) ग्राहकांतील (रिसेप्टर) जनुकीय फरकांमुळे असे होते, असे वाचले. आम्ही ती तपासणी करून घ्यावी का?
– यंत्रमाग कारखान्यात हिशेब पाहणारी एक वाचक, सोलापूर

उत्तर : प्रतिपिंड म्हणजे जंतूंशी लढणारे प्रथिन. त्याचे दोन हात लक्ष्याला धरतात आणि त्याचा दांडा पांढऱ्या पेशींवरील ग्राहकांत, म्हणजे त्याला पकडणाऱ्या प्रथिनांत अडकतो. बहुतेक ग्राहक पेशीला दाह सुरू करण्याचा निरोप देतात. ‘२बी’ हा ग्राहक मात्र तो थांबवतो. आडवा धागा तुटताच माग थांबवणारी कळ आपण रोज पाहत असाल. ती बिघडली, तर माग सदोष कापड विणतच राहतो. प्रथिने अमिनो आम्लांच्या साखळीची बनतात; २बीच्या साखळीत २३२व्या स्थानी आयसोल्युसिन या अमिनो आम्लाऐवजी थ्रिओनिन आले, की ही कळ सैल पडते आणि ल्युपसचा धोका वाढतो. पण हाच बदल मलेरियापासून संरक्षण देत असावा, असे आफ्रिकेतील अभ्यासांवरून दिसते. त्यामुळे त्याला निव्वळ दोष म्हणणे मला जड जाते.

‘२ए’ ग्राहकाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. त्याच्या १३१व्या स्थानी हिस्टिडिन हे अमिनो आम्ल असेल, तर तो आयजीजी-२ या प्रकारच्या प्रतिपिंडांना घट्ट धरतो. त्याजागी आर्जिनिन असेल, तर पकड ढिली पडते, प्रतिपिंडांचे पुंजके नीट उचलले जात नाहीत आणि ते मूत्रपिंडात साचू शकतात. म्हणून घट्ट पकड चांगली म्हणावी, तर कावासाकी आजार (लहान मुलांतील रक्तवाहिन्यांचा दाह) आणि मोठ्या आतड्याचा व्रणयुक्त दाह यांचा संबंध नेमका हिस्टिडिनशी आढळला आहे. ‘३बी’ ग्राहकाच्या जनुकाच्या तर प्रतीच कमी-जास्त असतात, त्या कमी असणाऱ्यांत ल्युपसमुळे मूत्रपिंडाला सूज येण्याचे प्रमाण अधिक असल्याचे २००६मध्ये दिसून आले.

आई-वडिलांच्या प्रत्येकी दोन प्रतींपैकी कोणती एक कोणाच्या वाट्याला येईल, हे प्रत्येक अपत्यागणिक बदलते. म्हणून सख्ख्या बहिणींतही फरक पडतो. शिवाय एकसारख्या जुळ्यांतही पुष्कळदा एकीलाच ल्युपस होतो, कारण संप्रेरके, ऊन, जंतुसंसर्ग आणि इतर कितीतरी जनुके यांचाही त्यात वाटा असतो.

त्यामुळे ही तपासणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्या निकालाने बहिणीचे उपचार बदलणार नाहीत. तो खर्च लघवीतील प्रथिनांच्या नियमित तपासणीकडे वळवावा, सोलापूरच्या उन्हात तिने अंग झाकूनच बाहेर पडावे आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे ल्युपसवरील औषध सुरू असल्यास ते परस्पर बंद करू नये. आपल्याला सांधेदुखी, चेहऱ्यावर चट्टे किंवा फेसाळ लघवी जाणवली, तरच संधिवाततज्ज्ञांना भेटावे.