काकांकडून हिशोब हवाय? आधी वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख बघा

दारव्हा तालुक्यातलं एक कुटुंब. वडिलांनी गुडघे गेल्यावर नऊ एकरांचं मुख्त्यारपत्र धाकट्या भावाला करून दिलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वडील वारले, येत्या पोळ्याला तीन वर्षं होतील. मक्त्याचा, कापसाचा हिशोब विचारला की काका म्हणतात, "कागद माझ्याच नावचा हाय." पुण्यात नोकरी करणारा मुलगा पत्र लिहून विचारतो, माहितीच्या अधिकारात अर्ज करू का?

तो कायदा सरकारी कार्यालयांसाठी आहे, काकांसाठी नाही. असे अर्ज करून वर्ष घालवलेले पक्षकार दर महिन्याला भेटतात.

मुख्त्यारपत्र वडिलांबरोबरच संपलं (करार कायदा 1872, कलम 201). त्यात काकांचा स्वतःचा काही हक्क गुंतवला असेल तर गोष्ट वेगळी, ते कागद पाहूनच सांगता येईल. हिशोब द्यायला ते बांधील आहेत, कलम 213. खरी अडचण दावा लावायच्या मुदतीची आहे. मुदत कायदा 1963, अनुच्छेद 3: मुखत्यारी चालू असताना हिशोब मागितला आणि नाकारला, तर तेव्हापासून तीन वर्षं, मागितलाच नसेल तर मुखत्यारी संपल्यापासून. काकांनीच खांदा दिला, त्यामुळे मृत्यू कळला नव्हता असं त्यांना म्हणता येणार नाही. वडिलांनी हयातीत कधी मागितला होता का, हे आईला आजच विचारा.

आणि पोळ्यावर जाऊ नका. पोळा तिथीने येतो, मुदत तारखेने संपते.

काकांच्या "दिवाळीत बसू" यावर तुम्ही दोन दिवाळ्या काढल्यात. फोनवरच्या शब्दाने मुदत वाढत नाही; मुदतीच्या आत काकांनी सहीनिशी देणं कबूल केलं तरच वाढते. वकिलाच्या नोटिशीनेही घड्याळ थांबत नाही. नोटीस द्या, पण उत्तराची वाट न पाहता दावा दाखल करा. तो पुढे किती वर्षं चालेल ते विचारू नका.

मृत्यूनंतरच्या उत्पन्नाचा आणि जमिनीतल्या हिश्श्याचा हिशोब वेगळा, त्यांच्या मुदतीही वेगळ्या. जमीन वडिलोपार्जित की स्वकष्टाची, हे तुम्ही लिहिलेलंच नाही.

दरम्यान डिजिटल सातबारा 15 रुपयांत काढा. दुय्यम निबंधकाकडे सूची दोन, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहारांची यादी, शोधा. मृत्यूनंतरच्या तारखेची विक्री दिसली तर फोन न करता थेट या. बँकेतून वडिलांच्या खात्याचा उतारा घ्या, कापसाचे पैसे कुठे गेले ते तिथे दिसेल. आणि वारसाचा फेरफार अजून झालेला नाही, तो अर्ज तलाठ्याकडे याच आठवड्यात द्या.