आजीचे विरजण आणि दुकानातले दही

चि. सोनूस,

आजीने सांगलीहून आणलेले विरजण गेल्या आठवड्यात चमचाभरच उरले, म्हणून मी त्यात इथल्या, म्युनिकच्या दुकानातले दही मिसळले, तेव्हा तू विचारलेस, "आता हे दही आजीचे की दुकानाचे?"

विरजण म्हणजे एक जिवाणू नव्हे, ती एकमेकांच्या आधाराने राहणारी वसाहत असते. दुकानातल्या दह्यात सहसा दोघांची जोडी असते. त्यांतला लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस १९०५ मध्ये स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याला जिनिव्हात दह्यात सापडला. तो दुधातले प्रथिन फोडून त्याचे तुकडे स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसला पुरवतो. थर्मोफिलस त्याला फॉर्मिक आम्ल आणि फॉलिक आम्ल देतो. त्यामुळे दोन विरजणे मिसळतात तेव्हा सुटे जिवाणू भिडत नाहीत, अशा जोड्या आणि टोळ्या समोरासमोर येतात.

या जोडीला ४० ते ४५ अंशांची ऊब मानवते, तर आपल्याकडे ओट्यावर झाकून ठेवलेल्या दह्यात बहुधा आढळणाऱ्या लॅक्टोकॉकसला तिशीच्या आसपासची. ज्याला ऊब सोयीची, तो आधी वाढतो आणि दुधातल्या साखरेचे लॅक्टिक आम्ल करून दूध इतके आंबट करतो की उशिरा जागे होणाऱ्यांना तेथे टिकणे कठीण जाते. म्हणजे निकाल पुष्कळसा आपण भांडे कोठे ठेवतो यावर ठरतो, आणि मी ते दिवा लावलेल्या ओव्हनमध्ये ठेवतो हे आजीला मुळीच पसंत नाही!

रोज चमचाभर दही राखून उद्याच्या दुधात घालण्याच्या आपल्या रीतीने निवडही रोज होते, कारण जे त्या चमच्यात भरपूर असतात तेच पुढे जातात. शिवाय जिवाणू स्वतःही बदलतात. दुधात बरेच काही आयते मिळत असल्याने थर्मोफिलसची सुमारे १० टक्के जनुके मोडून निकामी झाली आहेत. उलट, शेजारी राहून त्याने आणि बल्गेरिकसने गंधकयुक्त अमिनो आम्लांशी संबंधित काही जनुकांची देवघेवही केलेली आहे.

तेव्हा आपले दही आता बहुधा धड आजीचे नाही आणि धड दुकानाचेही नाही. आजीच्या डब्यातले वाळवलेले विरजण अजून शिल्लक आहे. शनिवारी त्याचे एक वाडगे ओट्यावर आणि एक ओव्हनमध्ये लावू. चव तू घे, आजीला मी फोन करतो.

तुझा,
बाबा