विचारा तर खरं: डोंगरावरची हलकी रायफल

प्रश्न: मी वाळपईचा, वय ५४, कुळागर आणि थोडे काजू. माझा भाचा न्यूझीलंडला क्राइस्टचर्चमध्ये नोकरीला आहे, तिथलं बंदुकीचं लायसन त्याने काढलंय आणि आता डोंगरावर ताहर मारायला जायचं म्हणतो. मला पण मे महिन्यात बोलावलंय. त्याच्या डोक्यात दोन बोल्ट ॲक्शन (हाताने बोल्ट मागेपुढे करून दर वेळी एकेक गोळी भरायच्या) रायफली आहेत. एक एकदम महाग, सव्वादोन किलोच्या आसपासची, .३०० विन्चेस्टर मॅग्नम काडतुसाची. दुसरी टिक्का टी३एक्स लाइट, .३०८ ची, ती पावणेतीन ते तीन किलो. भाचा म्हणतो हलकी ती हलकी, पैसे गेले तरी चालतील. काय सांगू? आणि मला तिथे गोळी झाडता येईल का?

उत्तर: टिक्का घ्यायला सांगा. उरलेल्या पैशात काडतुसं घेऊ दे आणि नेमबाजीच्या रेंजवर जाऊन ती संपवू दे.

आता कारण. पण आधी त्या जनावराबद्दल दोन शब्द, कारण वाळपईत हे वाचून कुणीतरी म्हणणारच की असली शिकार कशाला. ताहर म्हणजे आपल्या हिमालयातली रानबकरी. १९०४ साली इंग्लंडच्या एका ड्यूकने आपल्या कळपातले थोडे न्यूझीलंडला भेट दिले, ते माउंट कुकजवळ सोडले, तिथे ना बिबटा ना कोळसुंदा, मग काय, वाढले नि डोंगरावरची झाडपाल्याची वाट लावली. त्यामुळे तिथलं सरकारच त्यांची संख्या कमी करायच्या मागे आहे. आपल्याकडे त्याच हिमालयी ताहरला कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे आणि त्याचा नातेवाईक नीलगिरी ताहर खाली केरळ-तामिळनाडूच्या घाटात जीव धरून आहे. एकच जनावर, इथे जपायचं नि तिथे आवरायचं. म्हणून एक आताच सांगून ठेवतो, शिंगं आठवण म्हणून बॅगेत घालून मोपा विमानतळावर उतरू नका, कस्टमवाल्याला न्यूझीलंडचा इतिहास सांगत बसावं लागेल.

तर वजन. मी आधी बोटीवर तारवटी (खलाशी) होतो, नंतर सात वर्षं तिकडे साऊथ आयलंडला मेंढ्यांच्या स्टेशनवर, म्हणजे मोठ्या फार्मवर काढली, तेव्हा हे खांद्याने शिकलोय. कॅटलॉगात लिहिलेलं वजन म्हणजे नुसत्या रायफलचं, अंगावर काही नसताना. त्यावर स्कोप चढवा, मधला साधा, तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा घेतला तरी साडेतीनशे-चारशे ग्रॅम. तो बसवायचं माउंट शंभरेक ग्रॅम, पट्टा शंभर, पाच काडतुसं सव्वाशे. तिकडे सायलेन्सर कायदेशीर आहे आणि बहुतेक जण लावतात, तो तीनशे-चारशे. म्हणजे भाच्याची सव्वादोन किलोची रायफल हातात येईपर्यंत सव्वातीन झाली आणि टिक्का गेली चारच्या जवळ. फरक सहा-सातशे ग्रॅमचा, पाण्याची अर्धा लिटरची बाटली आणि वर एक शेवेचं पाकीट. हा फरक काहीच नाही असं मी म्हणणार नाही, आठव्या तासाला तो कळतो. पण तेवढाच तो दुसरीकडून पण काढता येतो. भाच्याला विचारा स्कोप कुठला बघतोय. पोरं आजकाल रेंजवरचे मोठे पंचवीस पॉवरचे स्कोप बसवतात, ते एकेक जवळपास किलोभर असतात, म्हणजे रायफलवर लाख घालून वाचवलेलं सगळं स्कोपात परत गेलं. बायपॉड (नळीखालचा दोन पायांचा टेकू) पण नको, सॅक पुढे टाकायची नि तिच्यावर रायफल टेकवायची, सॅक तर पाठीवर असतेच.

आणि धक्का. हे गणित साधं आहे, पण दुकानात कोण सांगत नाही. काडतूस तेच ठेवून रायफल हलकी केली की धक्का त्याच प्रमाणात वाढतो, साडेतीन किलोची अडीचवर आणली तर धक्क्याची ऊर्जा ४० टक्के जास्त. आणि .३०० मॅग्नमचा धक्का त्याच वजनाच्या .३०८ च्या दुपटीच्या जवळ जातो. म्हणजे भाचा दोन्ही गोष्टी एकत्र करायला निघालाय, सर्वात हलकी रायफल आणि सर्वात आडदांड काडतूस. असली रायफल रेंजवर तीन गोळ्या झाडून माणूस पेटीत ठेवतो, सराव होत नाही, आणि चौथ्या वेळी घोडा दाबायच्या आधीच डोळे मिटतात. डोळे मिटले की गोळी जनावराच्या पोटात, मग अंधार पडेपर्यंत रक्ताचे थेंब शोधत खडकावरून फिरा.

माझ्या डाव्या भुवईत जी खाच आहे ना, ती बघून लोक विचारतात लहानपणी पडला होतात का. नाही. एका ओळखीच्या माणसाची असलीच हलकी मॅग्नम मागून घेतली होती. उभा चढ, वरच्या बाजूला नर, मी उताणाच जवळजवळ, खांद्यामागे काय नाही, नुसतं गवत. वर रोखून झाडायचं म्हटलं की मान मागे जाते नि डोळा नकळत स्कोपाच्या जवळ सरकतो, सपाट रेंजवर जे चार बोटांचं अंतर असतं ते राहतच नाही. गोळी सुटली आणि स्कोपाची कडा सरळ भुवईवर. नर कुठे गेला ते दिसलंच नाही, डोळ्यात रक्त. दोन टाके पडले आणि तो ओळखीचा माणूस आजपर्यंत हसतो. टिक्कावर पण हे होऊ शकतं, पण .३०८ ने झालं असतं तर बहुतेक टाके न पडता नुसतं टेंगूळ आलं असतं.

आणखी एक, जे हौशी लोकांच्या लक्षात येत नाही. दोन तास चढून वर पोचलात की छाती धपधप करत असते. जड रायफल सॅकवर टेकवली की ती स्वतःच थोडी बसते, एकदम हलकी असली तर छातीचा प्रत्येक ठोका स्कोपात दिसतो, क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची फुली, नाचते. म्हणून मी सगळं लावून साडेतीन ते पावणेचार किलो हे डोंगरासाठी बरोबर धरतो, त्याखाली गेलं तर झाडणारा माझ्यापेक्षा चांगला हवा. टिक्का या आकड्याच्या थोडी वर जाते खरी, स्कोप बारका घेतला की आत येते.

नळीचं पण सांगतो. हलक्या रायफलची नळी पेन्सिलीसारखी बारीक असते, तीन-चार गोळ्यात तापते आणि मग गोळ्या इकडेतिकडे जायला लागतात. भाचा पहिल्या दिवशी रेंजवर धडाधड दहा मारेल आणि रायफल खराब आहे म्हणून ओरडेल. खराब नाहीये ती. शिकारीत पहिलीच, थंड नळीतली गोळी कामाची, म्हणून एक मारायची, दहा मिनिटं चहा प्यायचा, मग दुसरी. आणि कार्बन म्हणजे हलकी असं समजू नये, आत पोलादाची नळी असतेच, वर कार्बन गुंडाळलेला असतो, कित्येकदा साधी बारीक पोलादी नळीच त्याच्यापेक्षा हलकी निघते. दस्ता मात्र सिंथेटिकच घ्या. अक्रोडाच्या लाकडाचा दिसतो देखणा, पण पावसात फुगला की नळीला टेकतो आणि नेम सरकतो, आणि तिकडचा पश्चिम किनारा म्हणजे आपला जुलैच समजा, फक्त थंड.

काडतूस .३०८ ठीकच आहे, १९५२ पासूनचं, कुठल्याही गावात मिळतं. पण तुमच्यासाठी आणि भाच्यासाठी दोघांनाही चालेल असं हवं तर ७ एमएम-०८ किंवा ६.५ क्रीडमूर बघा. पहिलं .३०८ चंच पितळी नळकांडं गळ्याशी बारीक करून केलेलं, दुसरं २००७ चं, दोन्हीला धक्का कमी आणि ताहरला पुरून उरतात. टिक्का दोन्हीत मिळते. मला विचाराल तर ७ एमएम-०८, पण ते माझं जुनं प्रेम आहे, त्यात शास्त्र शोधू नका.

चढउतारावर नेम धरताना एक चूक सगळे करतात, मी पण केली. समोर ३०० मीटरवर जनावर आहे पण ३० अंश वर, तर गोळी किती खाली पडणार ते आडव्या अंतरावर ठरतं, म्हणजे साधारण २६०. ३०० चा हिशेब धरलात तर गोळी पाठीवरून जाते. वर मारा नाहीतर खाली मारा, दोन्हीकडे तसंच.

तुमचं म्हणाल तर लायसनवाला अगदी शेजारी उभा राहून लक्ष ठेवत असेल तर साध्या बोल्ट ॲक्शनला हात लावता येतो, स्वतंत्र फिरायचं असेल तर पाहुण्यांसाठीचं वेगळं लायसन आहे, ते निघायच्या बरंच आधी काढावं लागतं. सरकारी जंगलाचं परमिट पण लागतं, ते भाच्याला ठाऊक असेलच. मे महिना चांगला निवडलाय, नरांचा माजाचा काळ तेव्हा सुरू होतो, मानेवरची आयाळ भरलेली असते. फक्त आतापासून आठवड्यातून दोनदा चोर्ला घाटाच्या बाजूला कुठलाही एक चढ धरा, पाठीवर पाच किलो उकड्या तांदळाची पिशवी घेऊन. गुडघे कुरकुरले तर रायफलचं वजन हा तुमचा प्रश्नच नाही.

प्रश्न: सांगे तालुक्यात आमची बागायत आहे, वडिलांच्या नावावर पीकसंरक्षणाची एकनळी बंदूक आहे. रानडुक्कर आणि गवे सगळं तुडवतात. तिच्याऐवजी बोल्ट ॲक्शन रायफल घेतली तर लांबून मारता येईल का?

उत्तर: नाही, आणि दोन कारणांनी नाही.

पहिलं कायद्याचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, पीकसंरक्षणाचं लायसन म्हणजे जनावर मारायचं परमिट नव्हे, हा गैरसमज आपल्याकडे घरोघरी आहे. मारायची परवानगी मुख्य वन्यजीव वॉर्डनकडून किंवा त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडून लेखी येते, आणि गवा तर पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वात कडक संरक्षणातला, वर आपल्या गोव्याचा राज्यप्राणी.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रायफलची गोळी चुकली तर ती झाडीत थांबत नाही, कित्येक किलोमीटर जाऊ शकते. न्यूझीलंडच्या डोंगरात मागे दगडाची भिंत असते. तुमच्या माडांच्या मागे काय आहे? शेजाऱ्याचं घर, काजू गोळा करणाऱ्या बायका, पहाटेची कदंबा बस. रात्री बॅटरीच्या उजेडात डुक्कर समजून झाडलेली गोळी कुणाला लागेल सांगता येत नाही.

सौर कुंपणाला कृषी खात्याची सबसिडी आहे, तुमच्या झोनल ऑफिसात जाऊन फॉर्म घ्या, नुकसानभरपाईचं पण तिथेच विचारा आणि तुडवलेल्या बागेचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा, आठ दिवसांनी काढलेल्या फोटोत गवत उगवलेलं असतं.

प्रश्न: पेडण्याला घरी आजोबांची .३१५ रायफल आहे, लायसन आता माझ्या नावावर झालंय. दर पावसाळ्यात बोल्टवर तांबूस गंज येतो. तेल भरपूर लावतो तरी.

उत्तर: तेल भरपूर लावून मग रेक्झिनच्या कव्हरात ठेवता ना? तिथेच चुकतं. कव्हरातला फोम पावसाळाभर ओल धरून बसतो. कव्हर फक्त पोलीस स्टेशनला नेताना, निवडणुकीत जमा करायला वगैरे. घरी उघडी, कपाटात कुलूप लावून, सिलिका जेलच्या पुड्या सोबत, आणि त्या पुड्या महिन्यातून एकदा तव्यावर मंद गरम करून घ्या. हात लावल्यावर घामाचं मीठ राहतं, गंज बोटांच्या ठशांच्याच आकाराचा येतो बघा, म्हणून ठेवताना सुक्या फडक्याने पुसून वर तेलाचा पातळ हात. नळीत तेल राहिलेलं असताना झाडू नका, आधी सुकं फडकं ओढून घ्या. आणि निवडणुकीत जमा केलेली परत आणाल तेव्हा त्याच संध्याकाळी उघडून बघा, चतुर्थीनंतर नको.