क्रूझच्या दिवशी बंदरावर किती वाजता पोचायचं? निपाणीहून मुंबई गाठणाऱ्यांसाठी उत्तर

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: रविवारी मुंबईहून क्रूझ आहे, जहाज संध्याकाळी ५ ला सुटणार, तुम्हाला चेक-इनसाठी दुपारी १ ते २ अशी वेळ मिळालीय. सोबत सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि दोन मुलं. शनिवारी रात्री निपाणीहून स्लीपर बस पकडायची आणि सकाळी थेट बंदरावर जाऊन नंबर लावायचा, असा तुमचा बेत आहे. हे बरोबर आहे का?

नाही. शनिवारी रात्री निघू नका, शनिवारी सकाळी निघा किंवा शुक्रवारी रात्रीच निघा. शनिवारची रात्र मुंबईत झोपा आणि रविवारी बंदरावर १ च्या सुमारास पोचा. दहाला जाऊन काही मिळत नाही, आणि साडेतीनला गेलात तर सगळंच जाण्याची भीती. बेळगावच्या टिळकवाडीत माझं प्रवासाच्या बुकिंगचं ऑफिस आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली बरीच कुटुंबं मी क्रूझला पाठवते, काहींबरोबर स्वतःही गेलेय. आपल्या भागातल्या माणसाचा घोटाळा बंदरावर फारसा होत नाही, तो बंदरापर्यंत पोचण्यात होतो. म्हणून तेच जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट पक्की करा. ५ ही तुमची वेळ नाही, ती जहाजाची वेळ आहे. तुमची वेळ म्हणजे चेक-इन काउंटर बंद होण्याची. बहुतेक कंपन्या जहाज सुटायच्या ६० ते ९० मिनिटं आधी काउंटर बंद करतात, काहींचा नियम याहून कडक असतो. तुमच्या तिकिटाबरोबर आलेल्या कागदात ती वेळ बारीक अक्षरात लिहिलेली असते, ती शोधून आजच लाल पेनने खूण करा. काउंटर बंद झाला की प्रवाशांची शेवटची यादी तयार होते आणि ती बंदराच्या यंत्रणेकडं जाते. जहाज बाहेर काढायला पायलट (बंदरातली वाट दाखवणारा जाणकार) येतो, टग (जहाज ओढणाऱ्या बोटी) लागतात, धक्का ठरावीक वेळेत रिकामा करायचा असतो. चार माणसं दादरच्या पुलावर अडकलीत म्हणून हे सगळं थांबत नाही. आणि वेळेत न पोचलेल्या प्रवाशाला बहुतेक कंपन्या एक रुपयाही परत देत नाहीत.

यात आणखी एक कारण आहे, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकाला आपटून कलंडलं, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची सुरक्षेची कवायत तोवर झालेलीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमात त्यासाठी २४ तासांची मुभा होती. त्यानंतर नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्याबरोबर घ्यावी लागते. लाइफ जॅकेट कुठं आहे, भोंगा वाजला की कुठल्या डेकवर जमायचं, हे तिथं दाखवतात. तुमचे वडील गुडघ्यांमुळं जिने हळू उतरत असतील, तर त्यांनी तो रस्ता एकदा निवांतपणे बघायला हवा. धावतपळत शेवटच्या क्षणी चढलेल्या माणसाला ते जमत नाही. त्यामुळं तीनपर्यंत जहाजात असणं हे मी नियमासारखं पाळायला सांगते.

मग दहालाच का जाऊ नये? कारण त्या वेळी जहाज तुमचं नसतं, आधीच्या फेरीच्या लोकांचं असतं. जहाज सकाळी धक्क्याला लागतं, आधीचे प्रवासी उतरतात, त्यांच्या बॅगा बाहेर येतात, मग सगळ्या खोल्या झाडून-पुसून चादरी बदलायच्या असतात. मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियाच्या ‘एम्प्रेस’सारख्या जहाजात दीड-दोन हजार माणसं मावतात. एवढी माणसं उतरत असताना तुम्ही चढायला गेलात, तर उतरणाऱ्यांच्या टॅक्सींची गर्दी तुमच्या वाट्याला येते, तेही बॅगा आणि म्हातारी माणसं घेऊन. चेक-इन साधारण दुपारच्या सुमारास सुरू होतं, आणि ते सुरू झाल्यावरचा पहिला तास सगळ्यात दाटीचा, कारण तुमच्यासारखाच विचार सगळे करतात. लवकर आत गेलात तरी खोली दीड-दोनच्या आधी सहसा मिळत नाही, हातातली पिशवी सांभाळत डेकवर बसावं लागतं. मुलं असतील तर त्यांना मजा येते, आईला नाही.

तुम्हाला दिलेली १ ते २ ची वेळ चांगली आहे. ती पाळा. वेळा वाटून देतात त्या रांग लहान ठेवायलाच.

आता रात्रीच्या बसबद्दल. बस वेळेवर पोचली तर सकाळी सहा-सातला तुम्ही मुंबईत. तिथून चेक-इनपर्यंत सहा तास. अंघोळ कुठं, संडास कुठं, वडिलांनी पाय कुठं पसरायचे? बंदरालगतच्या बॅलार्ड इस्टेटच्या फुटपाथवर सामानावर बसलेली आजी-आजोबांची जोडी मी पाहिलीय, सुट्टीच्या पहिल्याच दिवशी चेहरे उतरलेले. आणि बस वेळेवर नाही पोचली तर? निपाणीपासून मुंबई चारशेच्या वर किलोमीटर. कागल ते साताऱ्यादरम्यान सहा पदरी रस्त्याचं काम चाललंय, जागोजागी वळवलेला रस्ता, पुढं खंबाटकी, मग पुण्याची गर्दी, मग खंडाळ्याचा घाट. यातल्या एका ठिकाणी ट्रक उलटला की तीन तास गेले.

शिवाय आपल्या भागाचं स्वतःचं काही असतंच. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरून वातावरण तापलं तेव्हा आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या एसटी कर्नाटकात यायच्या थांबल्या होत्या. २०१९ आणि २०२१ च्या पुरात यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं, ते तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही निपाणीचेच. पुणेकर किंवा मुंबईकर माणूस सकाळी उठून ठरवू शकतो की आज निघायचं कसं. आपल्याला ती चैन नाही. म्हणून आपल्या हाताशी एक अख्खा मोकळा दिवस लागतो.

मला विचाराल तर शुक्रवारी रात्री कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेस. ती सकाळी थेट सीएसएमटीला सोडते आणि तिथून बॅलार्ड पिअर, म्हणजे क्रूझचा धक्का, टॅक्सीने अगदी जवळ. गाडी दोन-तीन तास लेट झाली तरी शनिवार अख्खा हातात असतो, म्हणून कपाळाला आठी पडत नाही. तिकीट मिळालं नाही तर शनिवारी सकाळी सहाला गाडी करून निघा, ड्रायव्हर ठेवूनच. स्वतःची गाडी तीन-चार दिवस तिथं कुठं लावायची हा एक नवा व्याप होतो. गाडीने जात असाल तर नवी मुंबईतून अटल सेतू घ्या. जानेवारी २०२४ ला तो सुरू झाल्यापासून आपल्याकडच्या लोकांचं फार सोपं झालंय. सायन, दादर काही लागत नाही, शिवडीला उतरून ईस्टर्न फ्रीवेने तुम्ही जवळपास बंदराच्या दाराशी येता. टोल आहे, पण वाचलेल्या वेळेपुढं तो काही नाही.

राहायचं कुठं? आपल्या भागातल्या बहुतेक घरांतलं कुणीतरी मुंबईत असतंच. लालबाग-परळला असेल तर उत्तम. पण मामा डोंबिवलीला किंवा विरारला असतील तर त्यांना भेटायला परतताना जा, आदल्या रात्री नको. तुमची क्रूझ रविवारी आहे, आणि रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक नेमका अकरा ते चारच्या दरम्यान असतो, म्हणजे अगदी तुमच्या चेक-इनच्या वेळी. डोंबिवलीहून बॅगा, आई-वडील आणि मुलं घेऊन त्या ब्लॉकमधनं सीएसएमटी गाठायचं म्हणजे जिवाला घोर. फोर्ट, सीएसएमटी, मशीद बंदर भागात साधं हॉटेल बघा. एका रात्रीचे पैसे जास्त वाटतील, पण सहा जणांच्या क्रूझच्या भाड्यासमोर ठेवून बघा.

जवळ राहिलात तरी आदल्या संध्याकाळी एकदा बातम्या बघा. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन सीएसएमटीपासून सुटते, सकाळी रस्ते बंद असतात. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीला आझाद मैदानावर मराठा आंदोलन होतं, तेव्हा त्या परिसरात गाडी हलत नव्हती. असं काही असेल तर बारालाच हॉटेल सोडा. एरवी साडेबारा पुरे.

रविवारी सकाळचं असं ठेवा: अकरा-साडेअकराला सगळ्यांनी थोडं जेवून घ्यायचं. जहाजावर गेल्यावर जेवण आहेच, पण चेक-इन, तपासणी, रांग होऊन ताटापर्यंत पोचायला अडीच-तीन वाजतात, आणि वडिलांना शुगर असेल तर तेवढं ताणायचं नाही. घरातनं बांधून आणलेल्या शेंगापोळ्या, चपात्या, दही-भात हे सगळं हॉटेलातच संपवा. घरचं शिजवलेलं अन्न बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत. स्कॅनरपाशी डबे उघडायला लावतात, मागची रांग खोळंबते आणि आईला उगाच ओशाळवाणं होतं. कुंद्याचा डबा कुणाला द्यायचा असेल तर शनिवारीच देऊन टाका.

बॅगांचं नीट समजून घ्या, कारण याच ठिकाणी गडबड होते. बंदराच्या दारात मोठ्या बॅगांना खोली नंबरची कागदी पट्टी लावतात, हमाल त्या ढकलगाडीवर टाकतो आणि बॅग तुमच्या नजरेआड होते. ती थेट खोलीच्या दाराशी येते, पण संध्याकाळी, कधी जेवणाच्या वेळेपर्यंतही. आमच्या एका गटातल्या काकूंच्या बीपीच्या गोळ्या, चष्मा आणि स्वेटर अशा बॅगेत गेले होते. दुपारची गोळी हवी म्हणून त्या काउंटरवरच्या मुलीला विनवत होत्या, आणि तिच्या हातात काहीच नव्हतं, बॅग कुठल्यातरी ढिगात. शेवटी जहाजावरच्या डॉक्टरकडनं गोळी मिळाली. म्हणून औषधं, चष्मे, ओळखपत्रं, फोनचा चार्जर, मुलांचे कपड्यांचे एक-दोन जोड, सगळं खांद्यावरच्या पिशवीत.

ओळखपत्रांबद्दल एक. फेरी देशातल्या देशात असेल तर आधार किंवा मतदार ओळखपत्र चालतं, पण मूळ कार्ड न्या. आपल्याकडं बऱ्याच कार्डांवर नाव कन्नडवरून इंग्रजीत आलेलं असतं, स्पेलिंग वेगळं, कधी वडिलांचं नाव आहे आणि आडनाव नाही. तिकिटावर दुसरंच. आज रात्री सहाही जणांची कार्डं तिकिटाशी ताडून बघा आणि फरक असेल तर एजंटकडनं आत्ताच दुरुस्त करून घ्या. रविवारी दुपारी काउंटरवर ते निस्तरायला अर्धा तास सहज जातो. वेब चेक-इन केलं नसेल तर तेही घरीच करा, आणि त्याच वेळी वडिलांसाठी व्हीलचेअर मागून ठेवा. बंदरावर आयत्या वेळी मागितली तर वाट बघावी लागते.

तुमच्याच प्रश्नाखाली खानापूरच्या एकांनी गोव्याहून चढण्याबद्दल विचारलंय. काही फेऱ्यांत ती सोय असते, आणि आपल्याला गोवा जवळ. पण मुरगाव बंदरावर जहाज मधल्या थांब्यासारखं काही तासच उभं असतं, त्यामुळं चढायची वेळ मुंबईपेक्षा आखूड. चोर्ल्याच्या घाटात एक कंटेनर आडवा झाला की दुसरा रस्ता म्हणजे अनमोड, आणि अर्ध्यातून तिकडं वळायचं म्हणजे लांबचा फेरा. आदल्या रात्री वास्कोला मुक्काम करा, किंवा पहाटे पाचच्या आत घर सोडा.

तुमच्या परतीचंही आत्ताच बघून ठेवा. उतरायच्या दिवशी जहाज सकाळी धक्क्याला लागलं तरी तुमचा नंबर येऊन बॅगा हातात पडेपर्यंत दहा-साडेदहा होतात. सकाळची कुठलीच गाडी धरू नका, रात्रीच्या महालक्ष्मीचं तिकीट काढा. मधल्या वेळेत डोंबिवलीच्या मामांकडं जेवायला जाता येईल.