पाऊस ढीगभर, मग मे महिन्यात विहीर खारट का?

प्रश्न: नमस्कार, गुहागरजवळ समुद्राच्या कडेला आमची वाडी आहे, साठ माड आणि दोनशेच्या आसपास पोफळी. आजोबांच्या वेळी रहाट होता, आता मोटर आहे, पाटानेच शिंपतो. एप्रिलपासून पाणी मचूळ, मे मध्ये खारटच. मोठी मोटर घेऊ की बोअर मारू? बाबा म्हणतात कोकणात एवढा पाऊस, ठिबकवर खर्च कशाला.

उत्तर: दादा, मोठी मोटर अजिबात नको आणि किनाऱ्यालगत खोल बोअर तर त्याहून नको. वाळूतल्या विहिरीत पावसाचं गोडं पाणी हलकं असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, तुम्ही मोटरने झपाझप उपसा केला की गोडा थर पातळ होतो नि खालचं खारं वर चढतं. रहाटाने लोट्यालोट्याने पाणी यायचं, विहिरीला सावरायला वेळ मिळायचा (बैलाचे हाल व्हायचे ते वेगळे). माड थोडं खारं खपवून घेतो, पोफळ नाही घेत.

बाबांना सांगा की पाऊस भरपूर हे खरं, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडून जातो, जांभा म्हणजे चाळण, डोंगर उताराचा आणि समुद्र हाकेवर, मग पाणी थांबणार कुठे? झाडाला ते हवं असतं डिसेंबर ते मे. त्यात माडाची पोय (फुलोरा) बाहेर दिसायच्या कितीतरी आधीपासून आत तयार होत असते, म्हणून या उन्हाळ्यात बसलेला ताण पुढची दोन वर्षं नारळ मोजताना कळतो.

आता हिशोब करू. ठिबकने माडाला उन्हाळ्यात दिवसाला 30 ते 40 लिटर आणि पोफळीला 15 ते 20 लिटर धरा, म्हणजे जास्तीत जास्त 2400 अधिक 4000, साडेसहा हजार लिटरच्या आत सगळी वाडी भागते. मग मोटरच्या तोंडाशी 200 लिटरचं पिंप लावा नि घड्याळ बघा, मिनिटात भरलं तर तासाला 12 हजार लिटर, म्हणजे तुमची गरज अर्ध्या तासाच्या थोडी वर. तुम्ही रोज किती तास चालवता ते तुम्हीच बघा!! बाकी सगळं पाटात आणि वाळूत जातंय. छोटी मोटर, सकाळी थोडं संध्याकाळी थोडं टाकीत घ्यायचं, तिथून ठिबक. वाळूत पाणी सरळ खाली उतरतं म्हणून माडाला एकच ड्रीपर लावू नका, चार-सहा लावून आळ्यात गोल पसरा, आणि फिल्टरमध्ये कंजूषी नको. आळ्यात नारळाची सोडणं (सालं) पुरून वर झावळ्या टाका, त्याला पैसे लागत नाहीत.

प्रश्न: राजापूर तालुक्यात कातळावर हापूसची नवीन कलमं लावलीत, टँकरने पाणी आणतो. मोठ्या कलमांनापण द्यायचं का?

उत्तर: ताई, टँकरचं पाणी लहान कलमांसाठीच ठेवा, पहिली तीन वर्षं तरी उन्हाळ्यात त्यांचं पाणी तोडू नका. बुडाशी भोक पाडून वात घातलेलं मडकं कलमाशेजारी पुरायचं, भरून ठेवायचं, वर झाकण, कातळावर याच्यासारखं स्वस्त काही नाही. मोठ्या झाडांना पाऊस संपल्यावर मोहोर येईपर्यंत पाणी दाखवूच नका, नाहीतर मोहोराच्या जागी पालवी येते. फळ वाटाण्याएवढं, गोटीएवढं आणि अंड्याएवढं असताना मात्र झाडाला 150 ते 200 लिटर दिलं तर गळ कमी होते, जमेल तेवढ्या झाडांना द्या.

प्रश्न: कोयनेचं एवढं पाणी वीज करून वाशिष्ठीतून समुद्रात जातं, ते आमच्या डोंगरावरच्या वाडीला का नाही?

उत्तर: वर्षाला 67.5 टीएमसीपर्यंत (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) पाणी पश्चिमेला वळवायची मुभा आहे, तुमचा राग बरोबर आहे, पण ते पाणी खाली नदीत आणि वाडी वर, चढवायचं म्हणजे वीजबिल कोण भरणार. त्यापेक्षा वाडीच्या वरच्या अंगाला पऱ्या (छोटा ओढा) असेल तर दिवाळीच्या सुमारास सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीने भरून वनराई बंधारा घाला. तिथून पाईप खाली आणला की दर 10 मीटर उताराला साधारण एक बारचा दाब मिळतो, तेवढ्यावर मोटरशिवाय ठिबक चालतं. पाऊस लागायच्या आधी गोण्या काढा पण, नाहीतर पहिल्याच लोंढ्यात खालच्याच्या शेतात जातात नि मग भांडणं.