संस्थेसमोरच्या जोखमी ओळखायला आणि मोजायला कसं शिकावं? ५ बाय ५ मॅट्रिक्सचा (शक्यता आणि परिणाम यांना १ ते ५ क्रमांक देणाऱ्या रंगीत तक्त्याचा) चांगला टेम्प्लेट कुठे मिळेल?

तुमची नुकतीच रिस्क विभागात बदली झाली आहे, आणि तुम्हाला एक कोर्स आणि एक टेम्प्लेट हवाय. टेम्प्लेट हा शब्द वाचला म्हणूनच लिहायला बसलो. कोर्सचं शेवटी बघू.

आधी हातात असलेलं रजिस्टर, म्हणजे संस्थेच्या जोखमींची यादी, उघडा आणि पहिल्या दहा ओळी वाचा. ‘सायबर’, ‘मनुष्यबळ’, ‘पुरवठादार’, ‘प्रतिष्ठा’ असे एकेकटे शब्द दिसले, तर त्या जोखमी नाहीत, फायलींवर चिकटवायच्या चिठ्ठ्या आहेत. ‘बॅकअप नाही’ ही कंट्रोलमधली, म्हणजे जोखीम रोखणाऱ्या उपायातली, उणीव झाली. ‘सर्व्हर बंद पडणे’ ही घटना आणि ‘ग्राहक नाराज’ हा परिणाम. जोखमीच्या एका ओळीत हे सगळं एकत्र यावं लागतं: कशामुळे, काय घडेल, आणि संस्थेच्या कोणत्या उद्दिष्टाला धक्का बसेल. ओळ तशी लिहिता येत नसेल तर ती जोखीम तुम्हाला अजून कळलेली नाही, मग तिला ३ द्या नाहीतर ४ द्या.

हे नीट कळण्यासाठी नाइट कॅपिटलचं प्रकरण बारकाईने वाचा. अमेरिकेतली मोठी शेअर-व्यवहार कंपनी, तारीख १ ऑगस्ट २०१२. ऑर्डरी बाजारात पाठवणाऱ्या यंत्रणेचे ८ सर्व्हर होते. नवा कोड ७ सर्व्हरवर चढला, आठव्यावर चढवायचा राहिला. दुसऱ्या माणसाने तपासून पाहावं असा लेखी नियमच नव्हता. त्या आठव्या सर्व्हरवर २००३ पासून न वापरलेला जुना कोड तसाच पडून होता, आणि नव्या कोडने नेमका त्याचाच फ्लॅग (कोड चालू करणारी खूण) पुन्हा वापरायला घेतला होता. बाजार उघडला आणि जुना कोड जागा झाला. २१२ छोट्या ऑर्डरींपोटी ४५ मिनिटांत ४० लाखांहून जास्त व्यवहार झाले आणि ४६ कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला. गडबडीत लोकांनी उरलेल्या ७ सर्व्हरवरचा नवा कोडही काढला, म्हणजे तिथेही जुनाच जागा केला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आता हेच रजिस्टरमध्ये ‘तंत्रज्ञान बिघाड: शक्यता २, परिणाम ४’ असं लिहिलं असतं तर कोणाला काय कळलं असतं? याउलट ‘कोड चढवल्यावर सगळे सर्व्हर एकसारखे आहेत का हे कोणी तपासत नाही, त्यामुळे एखादा सर्व्हर चुकीच्या ऑर्डरी पाठवत राहील, एकूण ऑर्डरींवर आपोआप थांबवणारी मर्यादा नसल्याने तोटा भांडवलापर्यंत जाईल’ असं लिहा. काय करायचं ते त्या ओळीतच दिसतं. आणखी एक गोष्ट, जिच्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. बाजार उघडण्याआधी यंत्रणेने कर्मचाऱ्यांना ९७ ई-मेल पाठवले होते. त्यांत त्या बंद कोडचं नावही होतं. पण ते मेल इशारा म्हणून आखलेलेच नव्हते, त्यामुळे त्यांवर कोणी हललं नाही. जोखीम ओळखण्याचं निम्मं काम म्हणजे असे न वाचलेले ई-मेल शोधणं.

ते कुठे सापडतात? मागच्या दोन वर्षांच्या बिघाडांच्या नोंदी काढा. ऑडिटचे जे मुद्दे तीन-तीनदा मुदतवाढ घेऊन उघडेच आहेत ते बघा. ‘तातडीचा बदल’ म्हणून नेहमीची मंजुरी टाळून केलेली कामं मोजा. कोणाच्या रजा कधीच मंजूर होत नाहीत तेही पाहा, कारण बहुतेक वेळा ते काम त्या एकाच माणसाला येतं. मग प्रत्यक्ष काम करणाऱ्यांशी प्रत्येकी अर्धा-पाऊण तास बोला, विभागप्रमुखांशी नंतर. ‘तुमच्या विभागात कोणत्या जोखमी आहेत?’ असं विचारू नका, पाठ केलेलं उत्तर येईल. ‘सिस्टिमवर विश्वास नाही म्हणून तुम्ही हाताने काय तपासता?’ आणि ‘तुम्ही महिनाभर आला नाहीत तर पहिल्यांदा काय अडेल?’ हे विचारा. गटात बसवायचं असेल तर सांगा, ‘एक वर्ष झालंय, हा प्रकल्प साफ फसलाय, का ते लिहा.’ पाच मिनिटं गप्प बसून प्रत्येकाने लिहायचं. वाचायची पाळी सगळ्यात वरिष्ठ माणसाची शेवटी, नाहीतर बाकीचे त्यांचंच म्हणणं घोळवतात.

आता तो ५ बाय ५ चा रंगीत तक्ता. माझं यावर अनेकांशी जुनं भांडण आहे आणि मी मागे हटणार नाही. शक्यतेचे पाच गट, प्रत्येकी २० टक्क्यांचे. परिणामाचे गट कामबंदीच्या दिवसांचे: १ पर्यंत, १ ते ३, ३ ते १०, १० ते ३०, त्यापुढे. पहिली जोखीम घ्या: शक्यता ३९ टक्के, काम २९ दिवस बंद. गट २ आणि ४, गुणाकार ८. दुसरी: शक्यता ४१ टक्के, काम ४ दिवस बंद. गट ३ आणि ३, गुणाकार ९. तक्ता म्हणतो दुसरी मोठी. खरा हिशेब केला तर पहिलीत सरासरी ११.३ दिवस जातात आणि दुसरीत १.६. जवळजवळ सातपट फरक, तोही उलट्या दिशेने! कारण सरळ आहे. १ ते ५ हे क्रमांक आहेत, मापं नाहीत. शर्यतीतल्या दुसऱ्या आणि चौथ्या नंबरचा गुणाकार करून कोणी वेग काढत नाही. वाहन उद्योगाने एफएमईएमध्ये (काय बिघडू शकतं आणि त्याचा परिणाम काय, हे आधीच तपासण्याच्या पद्धतीत) १ ते १० मधल्या तीन क्रमांकांचा असाच गुणाकार वर्षानुवर्षं केला. १ ते १००० च्या त्या मापात प्रत्यक्षात वेगवेगळे आकडे फक्त १२० निघतात. अमेरिकी आणि जर्मन वाहन उद्योग संघटनांच्या २०१९ च्या एआयएजी-व्हीडीए हँडबुकने शेवटी तो गुणाकार काढून टाकला.

‘आमच्याकडे आकडेच नाहीत’ हे उत्तर नेहमीचं. अहो, आकडे नाहीत तर मग ‘४’ कुठून आला? त्यापेक्षा पल्ला द्या. घटना वर्षभरात घडण्याची शक्यता किती टक्के, आणि घडलीच तर नुकसान कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती. पल्ला असा की दहातल्या नऊ वेळा खरा आकडा आत सापडावा. याचा सराव करता येतो. उत्तरं तपासता येतील असे दहा प्रश्न घ्या (नद्यांची लांबी, शोधांची वर्षं) आणि प्रत्येकाला पल्ला लिहा. बहुतेकांचे पहिल्या फेरीत दहापैकी चार-पाचच बरोबर येतात, कारण पल्ले फार अरुंद असतात. तीन-चार फेऱ्यांत हात बसतो. काळ लिहायला विसरू नका. ‘वीस वर्षांतून एकदा’ ऐकायला निवांत वाटतं, पण दहा वर्षांच्या करारात ती घटना एकदा तरी घडण्याची शक्यता ४० टक्के होते.

कंट्रोल मोजताना ‘आहे’ हा शब्द चालवून घेऊ नका. बॅकअप ‘आहे’ म्हणजे काय? शेवटचा रिस्टोअर कोणत्या तारखेला केला, किती तास लागले, किती तासांचा डेटा गेला. तारीख नसेल तर तो कंट्रोल शून्य धरा आणि उरलेली जोखीम त्यावरून काढा.

एवढं बोलल्यावर हेही सांगतो की, पाचशे ओळींतून तीस निवडायला तक्ता चालतो, गटांना खरे आकडे लावले असतील आणि गुणाकार केला नसेल तर. जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे सरासरी काढू नका. तिथे सगळ्यात वाईट काय होऊ शकतं ते आधी बघा. आणि वरिष्ठांना रंगच हवे असतील तर रंग द्या, फक्त शेजारी पल्ला छापा.

कोर्सबद्दल: ‘आयएसओ ३१०००’ या जोखीम व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाची २०१८ ची आवृत्ती आधी वाचा, छोटी आहे. पद्धतींसाठी ‘आयईसी ३१०१०’. एखादी क्लास घेणारी संस्था ‘तुमच्या कंपनीला ३१००० चं प्रमाणपत्र मिळवून देतो’ म्हणाली तर फी भरू नका. ते मार्गदर्शक मानक आहे, कंपनीला प्रमाणपत्र देण्यासाठी केलेलंच नाही.