काजूच्या बागेत मेलेला वांदर दिसला, आता काय करू?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आमचं गाव दोडामार्ग तालुक्यात. परवा बागेच्या वरच्या अंगाला वांदर मरून पडलेला दिसला आणि घरात सगळे घाबरलेत, म्हणतायत माकडताप येणार, बागेत जाऊ नको. पण आत्ता कुठे काजूचा सीझन सुरू झालाय, बिया वेचल्या नाहीत तर वर्षभर खायचं काय? वांदरं हाकलली तर ताप जाईल का?
– एक बागायतदार

उत्तर: वांदराला हात लावू नका, आजच आरोग्य केंद्राला कळवा. वांदर मेला की अंगावरचे गोचीड उतरून तिथल्याच पातेऱ्यात, म्हणजे सुक्या पाल्यात बसतात, म्हणून आजूबाजूला साधारण ५० मीटर गोचीड मारायची पावडर मारतात. तेवढा तुकडा सध्या सोडा.

हाकलून काय होणार? ताप आणतो गोचीड, वांदर बिचारा आपल्याआधी मरतो म्हणून आपल्याला कळतं तरी! १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात हा आजार सापडला तोही माकडं मरायला लागली म्हणूनच, आणि तुमच्याकडे केर गावात २०१६ ला आला.

आता गंमत बघा, गोचीडाची तिळापेक्षा बारीक पिल्लं जास्त चावतात, ती डिसेंबर ते मे जोरात असतात आणि नेमकं तेव्हाच आपण काजू वेचायला, लाकडं आणायला, पातेरा गोळा करायला खाली वाकलेले असतो. बाग सोडा असं मी सांगणार नाही, ते सांगणं सोपं असतं. फुल पँट मोज्यात खोचा, गोचीड चावू नये म्हणून आरोग्य खातं देतं ते तेल हातापायाला लावा, पातेऱ्यात बसू नका, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि आंघोळ करताना काखा, जांघा, गुडघ्यामागे नीट बघा. गोचीड चिकटलेला असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, रॉकेल-काडी नको आणि नखाने तर चिरडू नकाच.

लस होती पण फारशी चालत नव्हती, बंद झाली. खास औषध पण नाही, त्यामुळे बागेत गेल्यावर आठवड्याभरात एकदम ताप, डोकं आणि अंग ठणकायला लागलं तर "बागेत जात होतो" हे डॉक्टरांना आधी सांगा, मनाने पेनकिलर घेऊ नका. माणसाकडून माणसाला लागत नाही, तेव्हा पेशंटला वाळीत टाकू नका.

आणि हो, जंगलातला पातेरा गोठ्यात अंथरता का? यंदा भाताचा पेंढा वापरा, गुरांच्या अंगावरचे गोचीडही बघा, मोठे गोचीड त्यांच्यावरच पोसतात.